जुनी स्पोर्ट्स कार : घ्यावी की न घ्यावी?

सुलतान बाजार आणि काचीगुडा परिसरात ज्या मराठी डॉक्टरांनी आपले दवाखाने थाटले, त्या पिढीला गाडीच्या निवडीचा प्रश्न फारसा पडला नाही. प्रारंभी सायकल किंवा स्कूटर आणि पुढे, नंबर लागलाच तर, फियाट अथवा अँबॅसडर, एवढाच काय तो प्रवास असे. आज परिस्थिती पालटली आहे. बंजारा हिल्स, जुबिली हिल्स आणि गच्चीबावलीच्या रस्त्यांवर जुन्या आलिशान गाड्यांची दालने झाली आहेत. त्यांच्या काचेआड उभी असलेली दोन आसनांची बुटकी, लालचुटुक गाडी आता नव्या मध्यम आकाराच्या एसयूव्हीच्या किमतीत मिळू शकते. नवी असताना जिचे स्वप्नही पाहणे कठीण होते, ती सहा-सात वर्षांत आवाक्यात आलेली दिसते आणि मन चाळवते.

आमच्या एका शल्यचिकित्सक स्नेह्यांचे मन असेच चाळवले. वयाची पंचावन्न वर्षे उलटलेली, मुलांची शिक्षणे मार्गी लागलेली, कर्ज फिटलेले. गाड्यांविषयी मला थोडीफार गोडी असल्यामुळे त्यांनी मला सोबत घेतले. चार महिन्यांत आम्ही दोन गाड्या पाहिल्या. त्या निमित्ताने जे वाचले, विचारले आणि तपासले, ते आपल्या मंडळातील अन्य सभासदांनाही उपयोगी पडेल असे वाटल्याने हा लेखनप्रपंच.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. अशी गाडी परवडते का, या प्रश्नाचे उत्तर बँकेचे पासबुक पाच मिनिटांत देते. निर्णय खरा अवलंबून असतो तो वेगळ्या तीन प्रश्नांवर. गाडीचा पूर्वेतिहास निर्मळ आहे काय? ती सांभाळण्याची सोय आपल्या शहरात आहे काय? आणि तिचा वेग कोठे व कोणाच्या हातून वापरला जाणार आहे? या तिन्हींची समाधानकारक उत्तरे मिळेपर्यंत टोकन देऊ नये.

एका प्रसिद्ध गाडीची कथा

आपणा सर्वांना ठाऊक असलेली जुनी स्पोर्ट्स कार म्हणजे सचिन तेंडुलकरची फेरारी. कसोटी सामन्यांत ब्रॅडमन यांच्या २९ शतकांची बरोबरी केल्याबद्दल २००२ मध्ये मायकेल शूमाकरच्या हस्ते सचिनला फेरारी ३६० मोडेना ही गाडी भेट मिळाली. ती भारतात आणताना सीमाशुल्काचा प्रश्न उभा राहिला. सुमारे १.१३ कोटी रुपयांचे शुल्क माफ करण्याच्या निर्णयावर २००३ मध्ये टीका झाली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि अखेर फियाट कंपनीने ते शुल्क भरले. पुढे २०११ मध्ये सचिनने ती गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाला विकली. म्हणजेच ती 'सेकंड हँड' झाली. राजेश मापुसकर यांनी दिग्दर्शित केलेला 'फेरारी की सवारी' हा चित्रपट २०१२ मध्ये याच गाडीभोवती गुंफलेला आपण पाहिला.

या कथेत आपल्यासाठी दोन धडे आहेत. पहिला असा की, परदेशी गाडीच्या किमतीइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्व तिच्या कागदांना असते. कोट्यधीश मालक आणि जगप्रसिद्ध कंपनी यांच्या व्यवहारातही शुल्काचा प्रश्न न्यायालयापर्यंत जाऊ शकतो.

दुसरा धडा यांत्रिक आहे. ३६० मोडेनाच्या ३.६ लिटरच्या आठ सिलिंडर इंजिनात झडपांची उघडझाप रबरी टायमिंग बेल्टने जुळवलेली असते. हा पट्टा किती किलोमीटर चालला यापेक्षा किती वर्षांचा झाला यास अधिक महत्त्व आहे. साधारणतः तीन ते पाच वर्षांनी तो बदलावा लागतो, मग गाडी गॅरेजमध्ये झाकून का ठेवलेली असेना. पट्टा तुटला तर झडपा आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिन निकामी होते. 'डॉक्टरसाहेब, गाडी फक्त नऊ हजार चालली आहे,' हे विक्रेत्याचे वाक्य म्हणूनच पुरेसे आश्वासक मानू नये. दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचे सांधे जसे आखडतात, तसेच न चालवलेल्या गाडीचे ऑइल सील, रबरी नळ्या, बॅटरी आणि टायर कुरकुरू लागतात.

पूर्वेतिहास : हिस्टरी टेकिंग

रुग्ण तपासताना आपण आधी इतिहास विचारतो. येथेही क्रम तोच ठेवावा. बॉनेट नंतर उघडावे, आधी फाइल उघडावी.

हैदराबादेत नंबरप्लेटच काही माहिती देऊन जाते. जून २०१४ मध्ये तेलंगण राज्य झाले, त्यापूर्वीच्या नोंदणीवर 'एपी' असे. त्यानंतर 'टीएस' आले आणि मार्च २०२४ पासून नव्या नोंदणीला 'टीजी' मिळू लागले. गाडीचे उत्पादन २०१२ चे आणि नंबर टीएस मालिकेतील असेल, तर ती मधल्या काळात परराज्यातून आली असण्याचा संभव आहे. त्यात गैर काहीच नाही, मात्र आधीच्या राज्यातील कागद मागितलेच पाहिजेत.

परराज्यातील नंबर अद्याप तसाच असलेली गाडी स्वस्त दिसते. त्यामागे पुष्कळदा कराचे कारण असते. पुदुच्चेरीसारख्या ठिकाणी रस्ताकर कमी असल्याने तेथील पत्ता दाखवून महागड्या गाड्यांची नोंदणी करण्याची प्रथा दक्षिणेत पसरली होती. २०१७ मध्ये केरळात अशा नोंदण्यांवरून नामवंतांवर गुन्हे दाखल झाले. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवलेल्या वाहनाला त्या राज्याचा नंबर घ्यावा लागतो. तेलंगणचा आजीवन कर त्या वेळी भरावा लागतो. महागड्या गाडीच्या बाबतीत ही रक्कम काही लाखांत जाते. तेव्हा परराज्यातील गाडीची किंमत विचारताना, 'टीजी नंबरसह किती?' असाच प्रश्न करावा.

परदेशातून आलेल्या गाडीच्या बाबतीत सीमाशुल्क भरल्याचे मूळ कागद, अर्थात बिल ऑफ एंट्री, पाहणे अनिवार्य समजावे. नियमाप्रमाणे वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी आणि तिचे स्टिअरिंग उजव्या बाजूस असावे लागते. मे २०२५ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने हैदराबादच्याच एका आलिशान गाड्यांच्या व्यापाऱ्यास अटक केली. आयात गाड्यांची किंमत कमी दाखवून सुमारे २५ कोटी रुपयांचे शुल्क चुकवल्याचा आरोप त्याच्यावर ठेवण्यात आला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भूतानमार्गे आणलेल्या गाड्यांच्या संशयावरून केरळात सीमाशुल्क विभागाने अनेक ठिकाणी झडती घेऊन गाड्या ताब्यात घेतल्या. आरोपांचा निवाडा न्यायालये करतील. पण अशा प्रकरणात गाडी जप्त होते ती शेवटच्या मालकाच्या दारातून, हे ग्राहकाने ध्यानात ठेवावे.

तिसरी खूण म्हणजे चॅसिस क्रमांक. पुणे-मुंबईच्या डीसी डिझाइनने घडवलेली 'अवंती' ही गाडी २०१२ च्या दिल्लीतील ऑटो एक्स्पोमध्ये मोठ्या कौतुकाने सादर झाली होती. भारतीय स्पोर्ट्स कार म्हणून मराठी माणसालाही तिचा अभिमान वाटला. डिसेंबर २०२० मध्ये मात्र, एकाच इंजिन व चॅसिस क्रमांकावर दोन राज्यांत दोन गाड्या नोंदवल्या गेल्याच्या आरोपावरून मुंबई पोलिसांनी त्या संदर्भात कारवाई केली. आरोपांचे काय व्हायचे ते होवो, आपण धडा घ्यावा तो असा : पत्र्यावर कोरलेला क्रमांक, इंजिनवरील क्रमांक, नोंदणी पुस्तिका, विमा आणि सर्व्हिसचे कागद हे पाचही जुळतात की नाही, ते आपल्या डोळ्यांनी वाचावे. दलालाने पाठवलेल्या छायाचित्रावर विसंबू नये.

आणखी एक छोटी युक्ती सांगतो. वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर नंबर टाकून थकीत ई-चलने पाहावीत. दंडाची रक्कम किरकोळ असते, परंतु बाह्यवळण मार्गावर अतिवेगाची चलने ओळीने दिसली, तर गाडी कोणाच्या हाती आणि कशी होती, याचा तो लेखी पुरावाच ठरतो.

शारीरिक तपासणी

पहिली गाडी आम्ही पाहिली ती जर्मन बनावटीची, दोन आसनांची. रंग नुकताच घासूनपुसून चकचकीत केलेला, आतून अत्तराचा घमघमाट. मीटर १८ हजार किलोमीटर दाखवत होता. आमचे स्नेही मोहरून गेले. मी त्यांना खाली वाकून टायर पाहण्यास सांगितले.

टायरच्या कडेला एका लांबट चौकटीत चार अंक असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. '२३१६' म्हणजे २०१६ सालातील तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला टायर. कमी चाललेल्या स्पोर्ट्स कारच्या टायरवर नक्षी खोल दिसते, त्यामुळे मालकाला तो नवाच वाटतो. रबर मात्र वयाने कडक होते आणि त्याची पकड जाते. 'फास्ट अँड फ्युरियस' चित्रपटांचा नायक पॉल वॉकर ३० नोव्हेंबर २०१३ रोजी ज्या अपघातात गेला, ती पोर्शे करेरा जीटी २००५ ची होती. गाडी त्याचा मित्र चालवत होता आणि दोघेही दगावले. २०१४ मध्ये आलेल्या तपास अहवालानुसार गाडीचा वेग ताशी सुमारे १३० ते १५० किलोमीटर होता आणि टायर नऊ वर्षांचे होते. त्या गाडीच्या क्षमतेच्या मानाने हा वेग निम्म्याहूनही कमी. स्पोर्ट्स कार विकत घेताना सहा वर्षांपुढचे टायर बदलण्याचा खर्च किमतीत धरूनच बोलणी करावीत.

नंतर पाहावे ते पाणी. ऑक्टोबर २०२० मध्ये हैदराबादेत झालेल्या अतिवृष्टीत अनेक वसाहतींतील तळघरे भरली. मुंबईची २६ जुलै २००५ आणि चेन्नईचा डिसेंबर २०१५ आपण विसरलेलो नाही. बुडालेल्या गाड्या स्वच्छ होऊन पुन्हा बाजारात येतात. स्पोर्ट्स कार मुळातच जमिनीलगत असते, तिचे विद्युत संगणक पुष्कळदा आसनाखाली वा पायाशी बसवलेले असतात. म्हणून गालिचा उचलून पाहावा, आसनाचे रूळ गंजले आहेत काय ते पाहावे, सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर चिखलाची रेघ आहे का ते तपासावे. अत्तराचा वास जास्त असेल तर संशयही जास्त घ्यावा.

रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र मिळते. कारखान्यातला रंग बहुधा शंभर ते दोनशे मायक्रॉनच्या दरम्यान असतो. एखाद्या दारावर पाचशे-सातशेचा आकडा आला तर तेथे पुटी भरून डेंटिंग-पेंटिंग झाले आहे असे समजावे. किरकोळ टचअपने गाडी बाद होत नाही. मात्र पुढचा वा मागचा सांगाडा वाकून सरळ केला असेल तर ती गाडी सोडून द्यावी, कारण वेगात सरळ धावण्याची तिची हमी उरत नाही. अ‍ॅल्युमिनियम आणि फायबरच्या भागांवर साधे यंत्र चालत नाही, त्यासाठी जाणता तंत्रज्ञच हवा.

विशेष चाचण्या

यानंतर गाडी लिफ्टवर चढवून तपासणे आणि संगणक जोडून वाचणे. या तपासणीला काही हजार रुपये लागतात. तीस-चाळीस लाखांच्या व्यवहारात ही रक्कम वाचवणे म्हणजे ईसीजी न काढता छातीत दुखणाऱ्याला घरी पाठवणे होय.

आधुनिक स्पोर्ट्स कारच्या संगणकात इंजिन किती तास चालले याची नोंद असते. पोर्शेसारख्या गाड्यांत इंजिन मर्यादेबाहेर किती वेळा फिरवले गेले, याचीही टप्प्याटप्प्याने नोंद राहते. तासांची नोंद मीटरशी ताडून पाहावी. समजा २४ हजार किलोमीटर आणि ९०० तास अशी नोंद असेल, तर सरासरी वेग ताशी सुमारे २७ किलोमीटर पडतो. शहरी वापराला हे साजेसे आहे. आमच्या पहिल्या गाडीत मीटर १८ हजार सांगत होता आणि इंजिन १,८०० तास चाललेले होते. म्हणजे सरासरी ताशी दहा किलोमीटर! पंजागुट्टा चौकातल्या संध्याकाळच्या गर्दीतही गाडी याहून बरी चालत असावी. मीटर मागे फिरवला गेला असावा, हाच तर्क उरला. विक्रेत्याला विचारता त्याने, 'एसी लावून उभी ठेवत असतील साहेब,' असे उत्तर दिले आणि लिफ्टवर पुन्हा तपासणी करू देण्यास नकार दिला. आमच्या स्नेह्यांनी पन्नास हजारांचे टोकन देऊन ठेवले होते. त्यातले निम्मे परत मिळाले. उरलेले पंचवीस हजार ही शिकवणीची फी समजून आम्ही बाहेर पडलो.

प्रत्येक गाडीचे काही जन्मजात विकारही असतात, त्यांची माहिती आधी करून घ्यावी. १९९७ ते २००८ या काळातील अनेक पोर्शे बॉक्स्टर आणि ९११ गाड्यांत इंजिनमधील मधल्या दांड्याचे बेअरिंग तुटण्याचा दोष प्रसिद्ध आहे. २००९ पासूनच्या नव्या इंजिनात तो दांडाच काढून टाकण्यात आला. त्याच काळातील काही इंजिनांत सिलिंडरच्या भिंतीवर चरे पडतात. ते पाहण्यासाठी प्लगच्या छिद्रातून बारीक कॅमेरा आत सोडतात. आपल्या भाषेत ही एंडोस्कोपीच. दोन क्लचचा गिअरबॉक्स, सिरॅमिक ब्रेक आणि विद्युत नियंत्रित शॉक अ‍ॅब्सॉर्बर हे तीन भाग असे आहेत की, त्यांतील एकही बिघडला तर बिल लाखांतच येते.

इंधनाचाही विचार हवा. २०२५ पर्यंत देशभर २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल सर्वसामान्य झाले. त्यासाठी न घडवलेल्या जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या व सील यांवर त्याचा परिणाम होऊ शकतो. इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते, त्यामुळे महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत ते साठून राहणे बरे नव्हे. त्या मॉडेलला असे पेट्रोल चालते की नाही, हे कंपनीच्या पुस्तिकेवरून ठरवावे.

उपचाराचा खर्च आणि सोय

गाडीची किंमत उतरली म्हणून तिच्या सुट्या भागांची किंमत उतरत नाही. नव्वद लाखांची गाडी चाळीस लाखांत मिळाली, तरी तिची ब्रेक डिस्क नव्वद लाखांच्या गाडीचीच असते. या एका वाक्यात जुन्या स्पोर्ट्स कारचे सारे अर्थशास्त्र सामावले आहे.

कंपनी भारतात टिकली आहे काय, हेही पाहावे. फोर्ड मस्टँग २०१६ मध्ये भारतात आली तेव्हा पाच लिटरचे व्ही-८ इंजिन त्या किमतीत देणारी दुसरी गाडी नव्हती. २०२१ मध्ये फोर्डने भारतातील उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. गाडी उत्तम असली तरी आता तिचा मालक सुट्या भागांची चौकशी आधी करूनच ती घेईल. ऑडी टीटीचे उत्पादन तर जगभरातच २०२३ मध्ये थांबले.

खर्चाचा अंदाज यावा म्हणून एक काल्पनिक हिशेब मांडतो. चाळीस लाखांची गाडी घेतली असे धरू. ती रक्कम ठेवीत सात टक्क्यांनी ठेवली असती तर वर्षाला २ लाख ८० हजार मिळाले असते. गाडीची किंमत वर्षाला आठ टक्के घटली तर ३ लाख २० हजार गेले. विमा, सर्व्हिस, टायर आणि अचानक येणाऱ्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवायचे ३ लाख. एकूण नऊ लाख. रविवारी सकाळी फेरफटका एवढाच वापर असेल तर वर्षाकाठी ३ हजार किलोमीटर होतात. म्हणजे पेट्रोल वगळून किलोमीटरला ३०० रुपये. हा आकडा वाचूनही ज्यांचा आनंद कमी होत नाही, त्यांनीच पुढे जावे. मी हे उपहासाने म्हणत नाही. कोणी गाण्याच्या मैफलींवर खर्च करतो, कोणी हिमालयात जातो. छंदाचा हिशेब मांडू नये असे नाही, तो मांडून मग छंद करावा.

संमतीपत्र : कागदोपत्री पूर्तता

व्यवहार ठरल्यावर घाई सर्वांनाच होते. येथेच शिस्त हवी. मालकी बदलाची सूचना म्हणजे नमुना २९ आणि हस्तांतराचा अर्ज म्हणजे नमुना ३०. परराज्यातील गाडी असेल तर ना-हरकत प्रमाणपत्रासाठी नमुना २८ आणि पूर्वीचे कर्ज फिटले असल्यास बँकेचा नमुना ३५. राज्यांतर्गत विक्री असल्यास विक्रेत्याने १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. ज्याच्या नावावर नोंदणी आहे तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात स्पष्ट केले आहे. म्हणून आपली जुनी गाडी विकतानाही हीच दक्षता घ्यावी.

विम्याच्या बाबतीत पुष्कळांचा गैरसमज असतो. गाडीबरोबर तृतीय पक्षाचे संरक्षण नव्या मालकाकडे येते. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण मात्र विमा कंपनीस कळवून, १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावे लागते. पूर्वीच्या मालकाचा नो-क्लेम बोनस त्याच्याबरोबरच जातो. पाच वर्षांपुढील गाडीचे विमामूल्य कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते, तेव्हा ते लेखी घ्यावे. रक्कम बँकेमार्फतच द्यावी. एका व्यवहारात दोन लाख वा अधिक रोख स्वीकारण्यास प्राप्तिकर कायद्याची मनाई आहे.

वेग कोणाच्या हाती?

आता तिसरा आणि माझ्या मते निर्णायक प्रश्न. फेब्रुवारी २०२३ मध्ये हुसेनसागराच्या काठी फॉर्म्युला-ई ची शर्यत झाली, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी नेकलेस रोडवर धावणाऱ्या गाड्या पाहिल्या. त्या दिवशी दोन्ही बाजूंना भिंती होत्या, चालक प्रशिक्षित होते आणि रुग्णवाहिका सज्ज होती. उरलेल्या ३६४ दिवशी याच रस्त्यावर शाळेच्या बसगाड्या, रिक्षा आणि पादचारी असतात.

आपल्याकडे वेग वापरण्याजोगा रस्ता म्हणजे १५८ किलोमीटरचा बाह्यवळण मार्ग. तेथील कमाल मर्यादा ताशी १२० आहे. साडेचार सेकंदांत शंभराचा वेग गाठणाऱ्या गाडीला ही मर्यादा सहा-सात सेकंदांत संपते. सप्टेंबर २०११ मध्ये याच मार्गावर एका माजी क्रिकेट कर्णधाराचा १९ वर्षांचा मुलगा आणि त्याचा नातलग मुलगा हजार सीसीच्या मोटारसायकलवर दगावले. मे २०१७ मध्ये जुबिली हिल्समध्ये पहाटे एक शक्तिशाली गाडी मेट्रोच्या खांबावर आदळली आणि आंध्र प्रदेशच्या एका मंत्र्यांचा तरुण मुलगा व त्याचा मित्र गेले. ही घराणी साधनसंपन्न होती, उपचारांची कोणतीही उणीव त्यांना पडली नसती. तरीही ही मुले वाचू शकली नाहीत. आपत्कालीन विभागात काम केलेल्यांना याहून अधिक सांगण्याची आवश्यकता नाही.

म्हणून ज्या घरात अठरा ते पंचवीस वयाची मुले आहेत, त्यांनी स्वतःला एक प्रश्न विचारावा : मी परगावी परिषदेला गेलो असताना या गाडीची किल्ली कोठे असेल? याचे निश्चित उत्तर नसेल तर गाडी कितीही निर्दोष असो, ती घेऊ नये. वेगाची हौसच असेल तर चेन्नईजवळील किंवा कोइंबतूरच्या शर्यतपथावर प्रशिक्षणासह ती पुरवता येते. त्याचा वार्षिक खर्च वर मांडलेल्या हिशेबाच्या मानाने अल्प असतो.

जाता जाता वैद्यकीय सल्लाही देऊन ठेवतो. ही आसने जमिनीपासून वीतभर उंचीवर असतात. कंबरेच्या मणक्याचा त्रास असलेल्यांनी खरेदीपूर्वी तीन वेळा बसून-उठून पाहावे. आपल्या गल्लीतले गतिरोधक आणि रुग्णालयाच्या तळघराचा उतार गाडीच्या पोटाला घासत नाही ना, हेही चाचणीफेरीत त्याच रस्त्यावरून जाऊन पाहावे. रात्रीच्या तातडीच्या कॉलसाठी ही गाडी नव्हे, साधी गाडी घरात ठेवावीच लागते.

निर्णय

पहिल्या अनुभवानंतर तीन महिन्यांनी आम्हाला दुसरी गाडी दिसली. रंग थोडा फिका, मीटरवर ३६ हजार किलोमीटर, मागच्या बंपरवर एक ओरखडा. पण एकच मालक, पहिल्या दिवसापासूनची सर्व्हिसची बिले क्रमाने लावलेली, तास आणि किलोमीटर जुळणारे. मालकाने स्वतःहून सांगितले की, दोन वर्षांपूर्वी पाण्याचा पंप गळत होता आणि हे त्याचे बिल. जो रुग्ण स्वतःचा आजार लपवत नाही त्याच्यावर उपचार करणे सोपे, तसेच हे. टायर आठ वर्षांचे होते, तेवढी रक्कम त्यांनी किमतीतून वजा केली.

स्नेह्यांच्या घरी बैठक झाली. वहिनींनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "गाडी आणा हो, मला काही अडचण नाही. पण किल्ली माझ्या कपाटात राहील. आणि चिरंजीव घरी आले की कपाटाची किल्ली माझ्या कमरेला." या एका अटीवर खरेदी झाली. मालकी हस्तांतर आणि विमा पूर्ण होईपर्यंत गाडी विक्रेत्याच्याच आवारात राहिली.

या गोष्टीला आता चौदा महिने झाले. गाडी सुमारे चार हजार किलोमीटर चालली. एकदा विद्युत बिघाड होऊन दीड लाखाचे बिल आले, ते बाजूला ठेवलेल्या रकमेतून भागले. रविवारी पहाटे दोघे शमीरपेटपर्यंत जातात, चहा घेतात आणि रहदारी सुरू होण्याच्या आत परततात. स्नेही सांगतात की, ताशी शंभराच्या वर काटा फारसा गेलेला नाही आणि त्याचे त्यांना दुःखही नाही.

पहिली गाडी अद्याप त्याच दालनात उभी आहे. परवा जाताना पाहिले, मीटर आता १६ हजार दाखवतो.